सदतीस खुंट्या

हार्करटनमध्ये जिवंत माणसाचा पत्ता विचारायची वेळ कुणावर येत नाही. दोन रस्ते, गव्हाची तीन उंच कोठारं, एक चर्च, एक दारूचा गुत्ता आणि उरलेली सगळी मोकळी हवा. घराबाहेर पडलेलं माणूस दोन मैलांवरून दिसतं, आणि काय घालून पडलंय तेही दिसतं. पत्ता विचारायचा तो मेलेल्यांचा. आणि तो विचारायचा मेलिटा नोस्केला.

मेलिटा ह्याच गावची, एकोणीसशे पस्तीसची. तरुणपणी तिनं बावीस वर्षं टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत टेलिफोनचं बोर्ड सांभाळलं. कानाला भोंगे लावून बसायची आणि ह्या घराची तार त्या घराला जोडायची. गावातली निम्मी भांडणं आणि बरीचशी लग्नं तिच्या कानातून गेली. एकशे साठ नंबर तिला तोंडपाठ होते. वही उघडताना तिला कुणी पाहिलं नाही. पुढे आपोआप चालणारी यंत्रं आली आणि तिला एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. नवरा राइनहोल्ड स्वभावानं मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. तो म्हणायचा, "बायको दिवसभर गावाचं ऐकून येते, मी कशाला भर घालू?" मूलबाळ झालं नाही. राइनहोल्ड गेला, शेत बहिणीचा मुलगा कॉलिन पाहू लागला, आणि मेलिटा आपल्या पत्र्याच्या घरात काकड्या खारवत, कुखन म्हणजे आमचा जर्मन केक भाजत, दर रविवारी दफनभूमीत जात राहिली.

आता तिथली रीत सांगायला हवी. आमचे पूर्वज जर्मनीतून आले ते हट्टी लुथरन पंथाचे ख्रिस्ती. राजानं प्रार्थना कशी म्हणायची ते सांगितलं म्हणून घर, देश, समुद्र सगळं ओलांडणारी माणसं. पृथ्वीच्या ह्या दक्षिण टोकाला, ह्या झुडपी माळावर ती बैलगाड्यांतून आली तेव्हा गावाचं नाव नॉयफेल्ड होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नको म्हणून सरकारनं ते बदलून कुठल्याशा हार्कर साहेबाचं ठेवलं. जुन्या माहितीपत्रकात छापलंय की आमचे लोक रिकाम्या जमिनीवर आले. रिकामी कसली? ज्यांची होती त्या मूळ लोकांना हुसकलं, आणि त्यांच्या मुलांच्या थडग्यांवर कुणी खुंटीही ठोकली नाही, हे इथंच बोलून टाकलेलं बरं.

तर रीत अशी, की मेलेल्या माणसाला घराण्याची वेगळी जागा नाही. मरणाच्या क्रमानं ओळीत झोपायचं. जमीनदाराशेजारी मजूर, सासूशेजारी शेजारीण. देवापुढे कसला मान नि कसलं पान! मोठ्यांच्या डोक्याशी पुढे दगड आले. मुलांच्या ओळीला मात्र दगडही नाही. एकेका थडग्याला एक पांढरी लाकडी खुंटी, कोरी. नाव लिहायचं कारणच नव्हतं. क्रम चर्चच्या वहीत होता. तिसरी खुंटी म्हणजे वहीतलं तिसरं नाव, झालं. अशा सदतीस खुंट्या. अठराशे नव्वदच्या आसपास एका हिवाळ्यात घटसर्प आला, त्यातली बरीचशी. शेवटची एकोणीसशे एकोणचाळीसची, मिरीच्या, म्हणजे मिरीसारखे दाणे धरणाऱ्या मोठ्या झाडाखालची. ती मेलिटाच्या धाकट्या भावाची, एमिलची. चार वर्षांची मेलिटा बापाचं बोट धरून तिथं उभी होती. झाडाची बारीक पानं खड्ड्यात पडत होती, आणि ती वेचायला आत उतरू का, असं तिनं विचारलं होतं.

वही होती तोवर ठीक होतं. पण चाळीस साली दुसऱ्या युद्धात पोलीस जर्मन घरांची झडती घेऊ लागले. मेलिटाचा बाप चर्चचा कारभारी. वही त्याच्या कपाटात. जर्मन अक्षरांची वही! सापडली तर तुरुंगात टाकतील म्हणून त्या देवभोळ्या माणसानं ती धुण्याच्या बंबाखालच्या विस्तवात घातली. चार दिवसांनी पोलीस आला, अंगणात बसून कुखनचे दोन तुकडे खाल्ले, पाऊस कधी पडेल ते विचारलं आणि निघून गेला. कपाट उघडलंसुद्धा नाही. बाप त्यानंतर पंचवीस वर्षं जगला, पण त्या बंबाचं पाणी त्यानं अंगावर घेतलं नाही.

ओमानं, म्हणजे मेलिटाच्या आजीनं, मग नातीला हाताशी धरलं. ओमा घटसर्पाच्या हिवाळ्यात तरुण मुलगी होती. त्यातल्या निम्म्या मुलांना तिनं स्वतः आंघोळ घालून पेटीत ठेवलेलं. दर रविवारी ती पाच वर्षांच्या मेलिटाला ओळीतून चालवायची आणि पाढे म्हणावेत तशी नावं म्हणवून घ्यायची. एक खुंटी, एक पाऊल, एक नाव. बाप म्हणाला, "आई, लिहून ठेवू या का आता?" तर ओमा कडाडली, "तू लिहिलेल्याचं काय केलंस ते पाहिलं मी! कागद पकडला जातो. जीभ कुणी पकडत नाही."

हे वाक्य मेलिटानं आयुष्यभर मिरवलं. नोव्हेंबरात आमचा मृतांचा रविवार असतो. त्या दिवशी सगळं गाव मागे उभं राहायचं आणि मेलिटा ओळीतून नावं म्हणत जायची. सत्तर वर्षं. एकदा शहरातून कोणी प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. त्याला तिनं चहा पाजला, खारवलेली काकडी दिली आणि म्हणाली, "टेप कशाला? मी आहे ना." कॉलिनची बायको वही घेऊन बसली तेव्हाही तेच. "मी आहे ना." मीपणा म्हणतात तो हाच. पण गावाला त्याचं कौतुकच होतं, म्हणून एकट्या तिला बोल लावण्यात अर्थ नाही.

ती त्र्याऐंशीची झाली त्या वर्षी तालुका परिषदेची टेस गिलहूली आली. टेस वारसा खात्यातली, तिशीची, लाल केसांची, मनानं चांगली. सगळ्या खुंट्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. त्या जागी काँक्रीटमध्ये बसवलेल्या नाव कोरलेल्या पितळी पाट्या करायच्या, असं तिनं मंजूर करून आणलं होतं. ऑगस्टातल्या, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यातल्या, एका सकाळी ती आणि मेलिटा ओळीशी उभ्या राहिल्या. कॉलिनही होता. वारा गार होता.

"तुम्ही चालत राहा, मिसेस नोस्के," टेस म्हणाली, "मी नंबर घालून लिहिते."

"लिही बाई. ओमा असती तर तुला झाडूनं हाकललं असतं."

मेलिटा चालू लागली. एक खुंटी, एक पाऊल, एक नाव. अकरावीला थांबून म्हणाली, "पेचांची जुळी, हाइनरिख आणि हर्मन." मग बारावी लिडिया लोव्के, तेरावी विल्हेल्म, चौदावी आना रोझिना. घोड्यावर बसल्यासारखी जीभ पुढे धावत होती. शेवटी मिरीच्या झाडाच्या सावलीत येऊन तिनं म्हटलं, "एमिल."

आणि समोर आणखी एक खुंटी होती.

मेलिटानं मागे वळून ओळीकडे पाहिलं. कॉलिन हसून म्हणाला, "मावशी, एक पाऊल दोनदा टाकलंत वाटतं." ती परत पहिल्यापासून चालली. परत एमिल छत्तिसाव्या खुंटीवर आला. तिसऱ्यांदा ती एकेका खुंटीला हात लावत गेली. एमिल पुन्हा झाडाच्या अलीकडे. पण एमिल तर झाडाखाली होता! पानं पडत होती. तिनं स्वतः पाहिलं होतं.

"एखादी खुंटी जास्तीची ठोकली असेल कुणीतरी," टेस हळूच म्हणाली.

"नाही," मेलिटा म्हणाली. "एक मूल गेलं माझ्याकडून."

दुसऱ्या दिवसापासून तिचे जे हाल सुरू झाले ते कुत्रा खाणार नाही असे. पीठ मळताना नावं, भांडी घासताना नावं, चर्चमध्ये पाद्री बोलत असताना नावं. हळू म्हटलं की कुठेतरी अडखळायला हवं, पण अडखळायचंच नाही. पाढ्यातली ओळ गळली की पुढची ओळ येऊन अशी चिकटते की मधली होती ह्याचीच खूण राहत नाही. उलटं म्हणून पाहिलं, तर तीन नावांपलीकडे जमेना. टेसनं सरकारी नोंदी काढल्या. पण त्या काळी नोंदणी कचेरी गाडीनं दोन दिवसांवर होती, घटसर्पाच्या धामधुमीत कोण जाणार? सापडली चौदा नावं, आणि ती सगळी मेलिटाच्या यादीत होतीच. मग मेलिटानं जुन्या घरांना फोन लावले. बोर्डावरची बाई होती ती, कुणाला कुठे शोधायचं तिला माहीत. झ्वारांची दोन, मीबसांची चार, पेचांची जुळी धरून पाच. प्रत्येक घराची मुलं यादीत होती. म्हणजे हरवलेलं मूल ज्याला घरच नाही असं होतं. त्याला विचारणारं ह्या जगात एक मेलिटा, आणि तिलाच ते आठवत नव्हतं.

कॉलिन येऊन-जाऊन तिच्याकडे बघू लागला. आधी असा बघत नसे. फ्रीज उघडून दुधावरची तारीख पाहायचा. एकदा म्हणाला, "मावशी, तालुक्याला त्या वृद्धांच्या घरात खोली रिकामी झालीय म्हणे. नुसतं बघून येऊ."

"बघायला काय ते म्युझियम आहे?"

"तसं नाही. गाडी तुम्ही अजून चालवता, मला काळजी वाटते."

"गाडी मी चालवते, नावं चालवत नाहीत," मेलिटा म्हणाली. पण किल्ली तिनं त्या दिवसापासून खिळ्यावरून काढून ॲप्रनच्या खिशात ठेवली. तिला कळून चुकलं होतं: ओळ चुकली म्हणजे किल्ली जाणार, किल्ली गेली म्हणजे घर जाणार. एका पोराच्या नावावर तिचं सगळं म्हातारपण टांगलेलं होतं, आणि त्या पोराचाही तिच्यावाचून कुणी वाली नव्हता.

सुटका केली ती आर्नोल्ड लोव्केनं. ह्या आर्नोल्डचंही एक प्रकरणच आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एवढ्याशा गावात पूर्वी दोन लुथरन चर्चं होती, समोरासमोर. शास्त्रातल्या कुठल्याशा वचनावरून आजोबांच्या काळात भांडण झालं आणि लोव्के मंडळी रस्ता ओलांडून पलीकडे गेली. दफनभूमी राहिली अलीकडे. तेव्हापासून लोव्क्यांनी तिथं पाऊल टाकलं नाही. त्यांची लिडिया, आर्नोल्डच्या बापाची थोरली बहीण, चार वर्षांची, ह्या ओळीत पडलेली असूनसुद्धा. सहासष्ट साली दोन्ही चर्चं एक झाली, पण आर्नोल्ड म्हणाला, "एक त्यांनी केली, मी नाही केली," आणि बाहेरच राहिला. आता पाट्या बसणार म्हटल्यावर मात्र म्हातारा विरघळला. बाप मरताना लिडियाचं नाव घेत होता, असं त्यानं कुणालाच न सांगितलेलं टेसला सांगितलं.

ऑक्टोबरच्या शेवटी चर्चच्या सभागृहात बसले चौघं. टेसनं यादी टेबलावर पसरली. पाट्या ओतायला द्यायचा तो शेवटचा आठवडा होता. आर्नोल्डनं चष्मा चढवला, बोटानं ओळी मोजल्या आणि टेबलावर थाप मारली.

"अगं मेलिटा, नावं सदतीसच आहेत की!"

"छत्तीस."

"जुळी दोन धर ना! हाइनरिख एक, हर्मन दोन. सदतीस नावं, सदतीस खुंट्या. ह्यासाठी दोन महिने जीव टांगणीला लावलास होय?"

टेसचा चेहरा उजळला. तिनं पेन्सिल घेतली, भराभर नंबर बदलले. "हर्मन बारावर. मग लिडिया तेरा, विल्हेल्म चौदा... एमिल सदतीस. झाडाखाली! मिसेस नोस्के, बरोबर बसतंय सगळं. झ्वारांची मुलंसुद्धा त्यांच्या घरचे दाखवतात त्याच खुंटीवर येतात."

"बसतंय खरं," कॉलिन म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता.

मेलिटा म्हणाली, "जुळी एका पेटीत आहेत. ओमानं ठेवली होती. तोंडाला तोंड लावून. सुतारानं एकच पेटी केली, कारण त्या आठवड्यात फळ्या संपल्या होत्या."

"तुझी ओमा थोर बाई होती," आर्नोल्ड म्हणाला, "पण तिनं आमच्या आजोबाला धर्मबुडवा म्हटलं होतं. म्हणजे चुकायची तीपण."

"आर्नोल्ड, एका खड्ड्याला दोन खुंट्या कशा असतील?"

"पेच लोकांना प्रत्येक गोष्ट दोनदा करायची खोडच आहे. त्यांचं कुंपण बघ." सगळे हसले. मग तो हसायचं थांबून म्हणाला, "मेलिटा, मी पुढच्या नोव्हेंबरला नसेन. मला एकदा माझ्या आत्याच्या नावावर हात ठेवू दे."

टेसनं पत्रक पुढे सरकवलं. मेलिटानं कॉलिनकडे पाहिलं. तो तिच्याकडे फार मायेनं बघत होता, आणि तीच माया तिला सर्वांत जास्त भीतीची वाटली. नाही म्हणायचं, तर त्याऐवजी सांगायचं काय? एक मूल आहे, त्याचं नाव मला येत नाही, त्याची जागा मला येत नाही, पण ते आहे? असं बोलणाऱ्या बाईला लोक चहा देतात आणि खोली बघून येतात.

"दे इकडे पेन," ती म्हणाली, आणि सही केली. टपाल कचेरीतल्यासारखी, स्वच्छ आणि सरळ.

त्या संध्याकाळी तिनं जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेसला फोन लावला, आणि टेसनं उचलल्यावर म्हणाली, "काही नाही बाई, भाजलेलं कुखन जास्त झालंय, येऊन घेऊन जा."

मृतांच्या रविवारी सकाळपासून उत्तरेचा गरम वारा सुटला होता. गव्हाची कापणी ऐन भरात. पूर्वी रविवारी यंत्राला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आता लांबून घरघर ऐकू येत होती आणि पाद्री न ऐकल्यासारखं करत होता. तरी माणसं पुष्कळ आली, सत्तर-ऐंशी. शहरातली नातवंडं, कॅमेरे, माश्या. लोव्के मंडळी पहिल्यांदाच फाटकाच्या आत आली, अवघडून एका बाजूला उभी राहिली. जुन्या खुंट्या नव्हत्या. काँक्रीटच्या छोट्या उतरत्या ठोकळ्यांवर सदतीस पितळी पाट्या लखलखत होत्या.

ह्या वर्षी मेलिटानं चालायचं नव्हतं. उन्हाचं तुम्हाला झेपणार नाही, म्हणाले. तिला झाडाखाली खुर्ची दिली आणि टेसनं कर्णा हातात घेऊन यादी वाचायला सुरुवात केली. एकेक नाव, मग त्या घरचं कोणीतरी पुढे होऊन फूल ठेवायचं. मेलिटाच्या ओठांना चैन कुठली! ओठांनी आपलं टेसच्या मागे नावं म्हणणं चालू ठेवलं, चर्चमध्ये आपण गाणाऱ्यांच्या मागे पुटपुटतो तसं. तिचं लक्षही नव्हतं. जबाबदारीच राहिली नव्हती, तर लक्ष कशाला द्यायचं?

टेस म्हणाली, "आना रोझिना."

मेलिटा पुटपुटली, "आना रोझिना." आणि टेसनं पुढचं नाव घ्यायच्या आधी तिची जीभ म्हणून मोकळी झाली, "मिन्ना."

कर्ण्यातून आलं, "गुस्ताव्ह."

मेलिटा खुर्चीतून उठली. मिन्ना! वाटेवरची मिन्ना! कुठून कुठे जाणारी कोण माणसं, पाण्यासाठी तीन दिवस गावाशी गाडी सोडून थांबली होती. पोरगी घटसर्पानं गेली. खड्डा बुजवला आणि त्यांना निघावंच लागलं. गाडीवर चढताना आईनं ओमाचा हात धरला होता: आम्ही परत येणार नाही, तुम्ही तिचं नाव घेत जा. आडनाव ओमानं विचारलंच नाही. ओमानं सांगितलेलं ते सगळंच्या सगळं तिला आता दिसत होतं, ओमाच्या आवाजासकट. पंधरावी खुंटी. चौदापर्यंत पहिलीच यादी बरोबर होती. जुळी एकाच खड्ड्यात. बारावी लिडिया.

कार्यक्रम संपेपर्यंत ती उभीच राहिली. संपताच टेसकडे गेली. "आठवलं मला. पंधरावी मिन्ना आहे. त्या पाट्या चुकीच्या आहेत, चार पाट्या, बारा ते पंधरा."

टेसनं कर्णा बंद केला. "मिसेस नोस्के, तुम्हीच सही केलीत ना?"

"केली. चुकले. आता आठवलं."

"कोण मिन्ना? आडनाव?"

"आडनाव नाही तिला."

टेस कॉलिनकडे बघू लागली. कॉलिननं पुढे येऊन मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊन फार झालंय. चला, आत पंख्याखाली बसू. थंड काहीतरी घ्या."

"कॉलिन, मी शुद्धीत आहे."

"हो, हो. आहातच."

"तू ऐकतोयस का?"

"ऐकतोय ना, मावशी." आणि तो ऐकत नव्हता. बरं, दुष्टपणानं नव्हे. दोन महिने तिला नाव आठवत नव्हतं तेव्हा त्यानं विश्वास ठेवला होता, आता आठवलं तर विश्वास बसत नव्हता. टेस म्हणाली, मी टिपून ठेवते, आणि टिपूनही ठेवलं. पण पाट्या काँक्रीटमध्ये होत्या, सरकारी कागदावर मेलिटाची सही होती, आणि दुसऱ्या बाजूला एक बिनआडनावाची पोर.

आर्नोल्ड तेराव्या ठोकळ्यापाशी जमिनीवर बसला होता. नातवांनी दोन्ही काखांत धरून त्याला खाली उतरवलं होतं. त्याचा हात पाटीवर होता. मेलिटा वाकली.

"आर्नोल्ड, लिडिया इथं नाही. त्या शेजारच्या ठोकळ्याखाली आहे. एकच पाऊल सरकायचंय."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. त्याचे डोळे सुजले होते. "मेलिटा," तो म्हणाला, "मला खाली बसवायला तीन माणसं लागली."

"एकच पाऊल रे."

"मी तिला सांगितलंय सगळं. बापाचं, आईचं, भांडणाचं. आता पुन्हा सांगायला लावतेस?" मग नाक पुसून म्हणाला, "तुम्ही अलीकडची माणसं कधी आम्हाला धड टेकू दिलंत का?" हे तो गमतीनं म्हणाला होता, पण त्याला हसू आलं नाही, आणि तिलाही नाही.

माणसं सभागृहाकडे वळली, तिथं चहा होता, कुखन होतं. मेलिटा ओळीच्या सुरुवातीला जाऊन उभी राहिली. ओरडून सांगावं तर कुणाला सांगायचं? सगळे तिच्यावर प्रेम करणारेच होते. आर्नोल्डची पणती टिली, सात वर्षांची, नुकतीच वाचायला शिकलेली, पाट्या वाचत हिंडत होती. ती येऊन मेलिटाचं बोट धरून म्हणाली, "आजी, तुला सगळी न बघता येतात म्हणे. म्हण ना. मी तपासते."

मेलिटा चालू लागली. पहिली दहा झाली. टिली प्रत्येकीला "बरोबर!" म्हणत उडी मारत होती.

"हाइनरिख आणि हर्मन."

टिली वाकली. "इथं नुसता हाइनरिखच आहे."

"लिडिया."

"चूक. हर्मन."

"विल्हेल्म."

"आजी! ही लिडिया. पणजोबा बसले होते की इथं!"

"आना रोझिना."

"विल्हेल्म."

मेलिटा पंधराव्या ठोकळ्यापाशी थांबली. पितळ तापलं होतं. त्यावर आना रोझिनाचं नाव होतं, आणि खाली कुणाच्या तरी कुटुंबानं ठेवलेला फुलांचा गुच्छ. तिनं खाली बघून, शब्द चावून, सावकाश म्हटलं, "मिन्ना."

टिलीनं मान हलवली. "मिन्ना कुठेच नाही. मी सगळ्या वाचल्यात, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"बरं," मेलिटा म्हणाली. "पुढे गुस्ताव्ह."

"बरोबर!"

मग शेवटपर्यंत सगळी बरोबर आली. झाडाखाली पोचल्यावर टिलीनं तिचा हात थोपटला.

"पाचच चुकल्या, आजी. एवढं काही वाईट नाही. पुढच्या वर्षी पाट्या वाचून म्हण, म्हणजे एकही चुकणार नाही."